अंतराळप्रमुखपदासाठी सयाजीरावांचा जाहीर पाठिंबा

सयाजीराव पोवार आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभे राहिले. पंचवीस वर्षं झाली त्याला. वॉर्डातून, अपक्ष, निशाणी शिट्टी. मतं पडली बासष्ट. घरची, भावकीची आणि तालमीतली धरून पंच्याण्णव तरी पडायला हवी होती, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेली तेहतीस माणसं कोण, याचा शोध त्यांनी पुढं सहा महिने घेतला. माणसं सापडली नाहीत, पण शोधता शोधता त्यांना आयुष्याचा मार्ग सापडला. निवडून आलेल्याच्या मिरवणुकीत जीपवर उभे होते ते सगळे त्याला पाठिंबा देणारे. गुलाल त्यांच्यावर, हार त्यांना, आणि पुढं पाच वर्षं रस्त्याच्या खड्ड्यांवरून शिव्या मात्र एकट्या नगरसेवकाला.

"मास्तर," सयाजीराव मला म्हणाले, "उमेदवार पडतोय. पाठिंबा देणारा कधी पडत न्हाय बगा."

तेव्हापासून करवीर सर्वपक्षीय नागरी पाठिंबा कृती समिती अस्तित्वात आली. निमंत्रक, सयाजी पोवार. लेटरहेडवर एकवीस सदस्यांची नावं होती. त्यांतले चार वारले होते, पण नावापुढं 'कै.' लावायचं तर सगळी लेटरहेडं पुन्हा छापावी लागली असती, म्हणून ते अजून पाठिंबा देतच होते. समितीनं कुणाला पाठिंबा दिला नाही ते सांगणं सोपं. नर्सांच्या संपाला दिला, संप मोडायला निघालेल्यांनाही दिला. एका पैलवानाला दिला, पुढच्या महिन्यात त्याला चितपट करणाऱ्यालाही दिला. शाहूपुरीत त्यांचं मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. 'त्यांचं' म्हणायचं एवढंच. चालवतात त्यांच्या बायको अंबूबाई. कुठल्या पंपाला कुठलं बेअरिंग लागतं हे त्या डोळे मिटून सांगतात. सयाजीराव गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या स्वतःच्या सत्काराच्या फोटोंखाली बसतात आणि गिऱ्हाइकाला देशाची परिस्थिती सांगतात.

आता माझं. मंगळवार पेठेत मी त्यांचा शेजारी. समितीची निवेदनं मी लिहायचो. निवृत्त मराठी शिक्षकाला कुणी "तुमच्यासारखी भाषा अख्ख्या जिल्ह्यात कुणाची न्हाय" एवढं म्हटलं, की तो खुनाच्या धमकीचा मसुदासुद्धा लिहून देईल, वर शुद्धलेखन तपासून देईल. मला पंधरा वर्षं कुणी ना कुणी तसं म्हणत होतं, आणि तो कुणी म्हणजे सयाजीराव.

तर एका सकाळी दैनिकात पाचव्या पानावर बातमी आली. देशाच्या अंतराळ संस्थेचे प्रमुख निवृत्त होतायत, नव्या प्रमुखासाठी तीन शास्त्रज्ञांची नावं चर्चेत आहेत, त्यांत एक डॉ. शिवगंगा घुगरे. मूळच्या चंदगडच्या. वडिलांचं तिथं किराणा दुकान. पदवीचं शिक्षण कोल्हापुरात, मग बेंगळुरू, मग तीस-बत्तीस वर्षं उपग्रहांचं काम. बातमी एवढीच.

मी दुकानात पोचलो तेव्हा सयाजीराव पेपर हातात धरून उभे होते.

"मास्तर, आपली हाय!"

"कोण?"

"घुगरे मॅडम. चंदगड म्हंजे आपलाच जिल्हा. तीन वर्षं कोल्हापूरचं पाणी प्यालीया. आन इथं कुणालाच पत्ता न्हाय! आपण न्हाय पाठिंबा द्यायचा तर कुणी?"

अंबूबाई काउंटरवरून म्हणाल्या, "त्येला मतदान आसतंय व्हय?"

"नसतंय म्हणून तर पाठिंबा पायजे," सयाजीराव म्हणाले. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्या दिवशी मी मान डोलावली होती.

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बैठक झाली. सात जण आले. अंतराळप्रमुखाची नेमणूक कोण करतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकानं पालकमंत्री सुचवले. एकानं विचारलं की हे पद कलेक्टरच्या वर की खाली. "कलेक्टर जमिनीवरचं बगतोय, ह्ये वरचं बगणार," सयाजीरावांनी निकाल दिला. ठराव एकमतानं मंजूर झाला. लिहिला मी. 'अवकाशाच्या अथांग निळाईत करवीरनगरीची कन्या' अशी त्याची सुरुवात होती. लाज वाटते, पण त्या रात्री मला झोप चांगली लागली.

दोन दिवसांत मिरजकर तिकटीला फ्लेक्स लागला. वीस बाय दहा. मध्यभागी सयाजीराव, पांढरा सदरा, हात जोडलेले. उजव्या कोपऱ्यात उडणारं रॉकेट. ते दुसऱ्याच देशाचं निघालं. झेंडा दिसत होता, त्यावर मग केरबा पेंटरनं शिडी लावून भगवा रंग मारला. डॉक्टर घुगरे डाव्या कोपऱ्यात होत्या, पासपोर्टच्या फोटोएवढ्या. खाली ओळ: 'कोल्हापूरची लेक, लाखात एक, अंतराळप्रमुख करा, नाहीतर गाठ आमच्याशी!' आणि त्याखाली संपर्कासाठी सयाजीरावांचा मोबाइल नंबर.

"सयाजीराव," मी म्हटलं, "त्यांचा फोटो जरा मोठा..."

"मास्तर, त्यास्नी कोण वळकतंय? मला वळकत्यात. वळकीच्या माणसानं सांगितलं की लोक ऐकत्यात."

मग पोस्टकार्डं. पाचशे. निम्मी दिल्लीला, निम्मी बेंगळुरूला. मजकूर माझा, हस्ताक्षरं तालमीतल्या पोरांची. पोरांनी मजकूर उतरवला आणि उरलेल्या जागेत आपापल्या मनातलंही लिहिलं. 'तसेच आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येते' असं सत्तर-ऐंशी कार्डांवर होतं. एकानं पोलीस भरतीतल्या उंचीची अट शिथिल करण्याची मागणी केली होती. अंतराळ संस्थेला ती वाचून काय वाटलं असेल, कल्पना नाही. कलेक्टर कचेरीत निवेदन दिलं, तिथं आवक शिक्का बसला, आणि 'पुढील कार्यवाहीस्तव सादर' असा शेरा मारून ते वर गेलं. कचेरीत आलेला कागद वरच जातो. त्यात काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो.

त्यानंतर चंदगड. "बापाचा सत्कार केल्याशिवाय पाठिंबा पुरा हुईत न्हाय," म्हणून सयाजीराव मला एसटीत घालून घेऊन गेले. चंदगडला तसा पाऊस होता जसा फक्त चंदगडला असतो. आठ दिवस एकाच लयीत, कुणावर राग नसल्यासारखा. बाजारपेठेत नागाप्पा घुगऱ्यांचं दुकान सापडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कपाळाला विभूती, गुडघ्यावर कांबळं. काजूच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून खाली फळ्या सरकवत होते.

सयाजीरावांनी शाल काढली. नागाप्पांनी हात वर केला.

"नको बा. अक्कानं, आमच्या लेकीनं सांगितलंय. म्हणाली, अप्पा, कोण पण येईल, शाल घेऊ नको, फोटो काढू नको, काय बोलू नको."

"आवो, आमी परकं हाय व्हय?"

"मग तिला ओळखता तुम्ही?"

सयाजीरावांनी माझ्याकडं बघितलं. मी पावसाकडं बघितलं.

"सगळं कोल्हापूर वळकतंय," ते म्हणाले आणि शाल घातली. एवढ्या लांबून भिजत आलेल्या पाहुण्याच्या हाताला म्हातारा माणूस किती वेळ झटकणार? फोटो निघाला. फोटोत नागाप्पा शालीकडं असे बघतायत, जसं कुणी आपल्या अंगावर चढलेल्या झुरळाकडं बघावं आणि ते पाहुण्याचं आहे म्हणून गप्प बसावं. मग त्यांनी चहा दिला, मूठमूठ काजू दिले, आणि निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, ह्यानं तिचं काय वाईट तर होणार न्हाय नव्हं?"

"छे, छे," मी म्हणालो. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, दुकानात सयाजीरावांचा फोन वाजला. गिऱ्हाईक नव्हतं. अंबूबाई एका जुन्या पंपाचं सील काढत होत्या. सयाजीरावांना सगळ्यांना ऐकवायची सवय, त्यांनी स्पीकर लावला.

"सयाजीराव पोवार बोलताय का? मी शिवगंगा घुगरे."

ते उभेच राहिले. "मॅडम! बोला की! अख्खं कोल्हापूर तुमच्या मागं उभं हाय!"

"तेच सांगायला फोन केलाय. मागं उभे राहू नका."

आवाज शांत होता. वर्गात शेवटच्या बाकावर खुसखुस चालली असताना चांगले शिक्षक जसा आवाज खाली आणतात, तसा.

"सरकारी नोकरानं स्वतःच्या नेमणुकीसाठी बाहेरून दबाव आणायचा नसतो, असा नियम आहे. तुमचं निवेदन आणि पाचशे पोस्टकार्डं आली आहेत. मला लेखी विचारलंय, ही समिती तुमची कोण लागते. 'नाहीतर गाठ आमच्याशी' हे नेमकं कुणाला उद्देशून आहे, तेही विचारलंय. मी लिहायला सांगितलं नव्हतं, हे आता मलाच सिद्ध करायचंय."

सयाजीरावांनी फोन तोंडाजवळ आणला. मग हळूच, जवळजवळ लाजत त्यांनी विचारलं, "म्हंजे... दिल्लीत माझं नाव गेलंय?"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"गेलंय," त्या म्हणाल्या. "जोडपत्र दोनमध्ये."

सयाजीरावांचा चेहरा मी बासष्ट मतांपासून पाहत आलोय. इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. अंबूबाईंनी हातातला पाना काउंटरवर आपटला, पण सयाजीरावांचं लक्ष नव्हतं.

"आणि आणखी एक," घुगरे बाई म्हणाल्या. "समितीचं नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं, म्हणून जुने कागद काढले. सहा वर्षांपूर्वी तुमच्याच पेठेतली एक बंद पडलेली शाळा रिकामी होती. आम्ही काही जणांनी त्या संस्थेकडं दोन खोल्या मागितल्या होत्या. मुलांसाठी. दुर्बीण, प्रयोगाचं साहित्य, सगळं आम्ही देणार होतो. ती जागा मंगल कार्यालयाला मिळाली. मंगल कार्यालयाला तुमच्या समितीनं जाहीर पाठिंबा दिला होता. पत्र आहे माझ्याकडं."

"आसंल की," सयाजीराव म्हणाले. "आमी सगळ्यास्नीच देतोय, मॅडम."

"त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय. 'विज्ञान थांबू शकते, विवाहाचा मुहूर्त थांबू शकत नाही.' कुणी लिहिलं माहीत नाही. लिहिणाऱ्याला भाषा चांगली येते."

मी पंपाच्या पेट्यांमध्ये उभा होतो. सांगायला नको, पण सांगतो: पहिल्या अर्ध्या क्षणाला मला बरं वाटलं. वाक्य कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं. मग उरलेला सगळा दिवस मला कुणाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. त्या कार्यालयात मी तीन लग्नं जेवलोय. बासुंदी चांगली असते.

बाईंनी एवढंच मागितलं, की डॉ. घुगरे यांनी आमच्याकडं कधीही पाठिंबा मागितला नव्हता, असं लेटरहेडवर लिहून द्या, आणि हे सगळं थांबवा. फोन ठेवला.

मी तिथंच बसून चार ओळी लिहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकही विशेषण न घालता. सयाजीरावांनी वाचल्या, मान हलवली, सही केली, आणि सहीखाली स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: 'तरीही आम्ही पाठिंबा देणारच, कारण पाठिंबा हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे.'

"ही ओळ काढा," मी म्हणालो.

"मास्तर, नुसती माघार बरी दिसत न्हाय."

"त्या बाईंचं नुकसान होतंय!"

"मग तर आजून जोरात पायजे!"

शुक्रवारी दसरा चौकात धरणं ठरलेलं होतं. मांडव सांगितला होता, स्पीकर सांगितला होता, पत्रकारांना फोन गेले होते. ते रद्द करा म्हणून मी गयावया केली. सयाजीराव दोन तास विचारात पडले आणि मग त्यांना वाट सापडली. धरणं रद्द नाही झालं. त्याचं नाव बदललं. नवा फलक असा होता: 'डॉ. शिवगंगा घुगरे यांचा आमच्याशी काडीमात्र संबंध नाही, हे केंद्र सरकारला ठणकावून सांगण्यासाठी भव्य धरणे आंदोलन.'

त्या फलकावर बाईंचा फोटो मात्र या वेळी चांगला मोठा होता.

धरण्याला चाळीस माणसं आली. 'कोण म्हणतो देणार नाय, घेतल्याशिवाय राहणार नाय' या घोषणा झाल्या, कारण त्याच पाठ होत्या. काही देऊ नका आणि आम्हाला काही घ्यायचंही नाही, अशा अर्थाची घोषणा कुणालाच येत नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: वर डॉक्टर घुगरे, खाली चाळीस माणसं, मुठी आवळलेल्या. बातमीचा मथळा होता, 'घुगरेंसाठी कोल्हापूर रस्त्यावर.'

महिन्याभरानं नेमणूक जाहीर झाली. दुसऱ्याच राज्यातले एक शास्त्रज्ञ प्रमुख झाले. माणूस उत्तम, काम मोठं, कुणी बोट ठेवावं असं काही नाही. बाईंना पद मिळालंच असतं का? कुणी सांगावं. तीन नावं होती, दोघांना मिळणार नव्हतंच. पण त्या दोघांपैकी एकीकडं खुलासा मागवलेला कागद होता, आणि तो कागद आमच्यामुळं निघाला होता.

बातमी आली त्या दिवशी सयाजीराव दुकानात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेलो तर पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेले. ताट तसंच झाकलेलं.

अंबूबाई म्हणाल्या, "पद त्या बाईचं ग्येलं, उपाशी ह्ये ऱ्हायल्यात. बगा तुमच्या निमंत्रकाला."

सयाजीराव उठून बसले. दाढी वाढली होती. मी त्यांना इतक्या वर्षांत बिनइस्त्रीच्या कपड्यांत पाहिलं नव्हतं.

"मास्तर, खरं सांगा. आपल्यामुळं ग्येलं व्हय तिचं?"

या माणसानं मला प्रश्न विचारला आणि खरोखर उत्तराची वाट बघितली, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि खोटं बोलायचा कंटाळाही आला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण असू शकेल."

त्यांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. "तिच्या बापानं काजू दिल्ते," एवढंच म्हणाले. मी त्यांना चंदगडला पत्र लिहायला सांगितलं. ते हो म्हणाले. मी सावकाश घरी आलो. वाटलं, पंचवीस वर्षांनी का होईना, माणसाच्या आत काहीतरी हललं.

चार दिवसांनी दुकानावरून जाताना आतून त्यांचा आवाज ऐकू आला. एक गिऱ्हाईक फुटव्हॉल्व्ह घ्यायला आलं होतं, त्याला सांगत होते.

"...तर पावणं, नाव जवळजवळ पक्कं झाल्तं. फाइल सहीला गेल्ती. आन आमची पोस्टकार्डं पोचली. पाचशे! थांबली फाइल! देशाच्या अंतराळाचा प्रमुख बदलला, कुणामुळं? मंगळवार पेठंमुळं!"

गिऱ्हाइकाचं तोंड उघडंच राहिलं. मी दारात थिजलो.

"सयाजीराव! परवा तुम्ही रडत होता!"

"रडलो की," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "वाईट वाटलंच. पर मास्तर, तुमीच म्हणाला न्हवं, आपल्यामुळं आसू शकंल? मग मी चार दिवस इचार केला. एवढी ताकद आपल्यात हाय, ह्ये आमास्नी म्हाईतच न्हवतं!"

अंबूबाईंनी फुटव्हॉल्व्ह कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "जावा आता," त्या म्हणाल्या. "ऐकून घ्याचं ज्यादा पैसं न्हाय लावलेत."

मी घरी येऊन चंदगडला पत्र लिहिलं, एकट्याच्या नावानं. दोन वाक्यांत माफी मागितली. उत्तर नागाप्पांचं आलं, दुकानाच्या पावतीच्या पाठीमागं, थरथरत्या अक्षरात. 'अक्का बरी आहे. तिचं काम चालू आहे. तुमची शाल परत पाठवत आहे, राग मानू नये.' शाल पार्सलनं आली होती. सयाजीरावांनी ती पुढच्या सत्काराला वापरली. मी समितीचं लिखाण सोडलं. त्यांनी एका कॉम्प्युटरवाल्याला धरलं. तो शुद्धलेखनाच्या भानगडीत पडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं काही अडलंही नाही.

गोष्ट मात्र गावभर झाली. कोल्हापुरात बातमी चालत जाते, पण फुशारकी बुलेटवर जाते. सयाजीरावांच्या पाठिंब्यानं माणूस पडतो, आणि असातसा नाही, थेट अंतराळातून खाली येतो, हे लोकांनी अगदी गंभीरपणे घेतलं. गल्लीतली मंडळं त्यांना वर्गणी देऊन सांगायला लागली की आमच्या मंडळाचं नाव काढू नका. एका पैलवानाच्या बापानं तर पाया पडून विनवलं.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्याकडं चहा पीत बसलो होतो. एका पतसंस्थेची निवडणूक लागलीय. तिथल्या एका पॅनलचा प्रमुख, अमरसिंह नावाचा उमदा गडी, गाडी लावून आत आला. हातात पेढ्यांचा पुडा. इकडंतिकडं बघून त्यानं आवाज खाली केला.

"काका, एक काम हुतं. आमच्या इरोधकाला तुमी जाहीर पाठिंबा द्या. फ्लेक्स आमी लावतो. पायजे तेवढा मोठा फोटो टाका तुमचा."

सयाजीरावांनी पुडा उघडला, पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला. एवढा मान त्यांना बासष्ट मतांत नव्हता मिळाला, ना पाचशे पोस्टकार्डांत.

"बसा, पावणं," ते म्हणाले. "घाई करू नका. त्यो काल येऊन ग्येला. तुमास्नी पाठिंबा द्या म्हंत होता."